अकरावं झुंबर

मी तीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे भूतबित, नजरबिजर असलं कोणी काढलं, की मी आधी पुरावा मागते. हे सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, रायपुरच्या चौबे कॉलोनीतल्या विजयाबाईंचं डोकं फिरलं.

दिवाळीनंतर आमच्या ह्यांना लकवा मारला. भास्कर नाव त्यांचं, रेल्वेत सिग्नलच्या तारा जोडण्यात जन्म गेला. वाचा शाबूत राहिली, पाय सावरले. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. तरी माणूस खुशीत! "आता भाजी निवडायले बोलावशील का मले?" असं वर मलाच विचारायचे. मी हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला त्यांचा तो हात परत हवा होता, बाकी देवाकडे काही मागणं नव्हतं.

व्यायाम घ्यायला भार्गव नावाचा मुलगा यायचा. तो म्हणाला, "काका, मणी ओवा. बोटं चालतील."

संक्रांत जवळ आलीच होती. म्हटलं, यंदा वाणाला स्टीलच्या वाट्या नकोत, खिडकीत टांगायची मण्यांची झुंबरं करू. ऊन आलं की भिंतीवर रंग नाचतात. गोल बाजारातून काचेचे मणी आणि तांब्याची बारीक तार आणली. तार वीतभर कापायची, टोक पकडीनं वळवायचं, म्हणजे मणी गळत नाही. मग ओवायचं, पीळ द्यायचा, की पुढची तार. मी आठवड्यात दहा केली. ह्यांचं एकच चाललेलं. डाव्या हातानं तार धरायची, उजव्याची बोटं मी मण्यावर ठेवायची, आणि ती तशीच घसरायची.

चौथ्या दिवशी अंगठा हलला. अग बाई, मी अशी ओरडले की शेजारच्या वनमालाताई लाटणं घेऊन धावत आल्या! भार्गवला बळेबळे चार जिलब्या खाऊ घातल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी मी गॅलरीत डोकावले. हे खुर्चीत उन्हात घोरत होते, मान छातीवर. आणि उजवा हात ओवत होता. वाटीतून मणी उचल, तारेत घाल, बोटानं पुढे ढकल. निळा, पिवळा, पिवळा. पुन्हा निळा. एकदाही चुकला नाही.

"अहो!"

हे दचकून जागे झाले. हात थांबला नाही.

"मी कुठं ओवून राहिलो?" हे हसत म्हणाले. "तोच ओवून राहिला. ओवू दे त्याले."

भार्गव म्हणाला, असं होतं कधी कधी, नसा जाग्या होताना. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं. त्यांचं झुंबर पुरं झालं, मी ते खिडकीत टांगलं, आणि संध्याकाळी ह्यांनी उजव्या हातानं घास खाल्ला. मी समोर बसून रडले.

रविवारी हळदीकुंकू केलं. दहा बायका यायच्या होत्या, वाणं दहा. तिळगूळ झाला, उखाणे झाले, सगळ्या उठायला लागल्या आणि नवा रायपुरहून माझी भाची रुचिता हजर! सवाष्ण दारातून वाणाशिवाय कशी धाडायची? घाईत मी खिडकीतलं ह्यांचं झुंबर काढलं, त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिच्या ओटीत घातलं. दोन दिवसांत दुसरं करू, असं मनात म्हटलं.

तिची गाडी कोपऱ्यावर वळली असेल नसेल, आतून हाक आली. "विजया, हात थंड पडला वं."

पडला तो पडलाच. तीन दिवस मणी वाटीत तसेच. भार्गवनं बोटं चोळून, वळवून पाहिली, उपयोग शून्य.

बुधवारी रुचिताचा फोन. आवाजात नुसता आनंद. "मावशी, आपने क्या जादू किया है! दुपारी भिंतीवर रंग पडतात ना, त्यात एक हात दिसतो. मणी ओवतो, सच्ची! ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला."

वाण दिलेलं परत मागायचं नसतं. मी मागायला निघाले.

रिक्षावाल्यानं नवा रायपुरच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवरून तासाभरानं पोचवलं. रुचिता बिचारी म्हणाली, "ले जाओ ना मावशी, त्यात काय!" आणि चहा टाकायला आत गेली.

दुपारचं ऊन खिडकीत होतं. भिंतीवर निळे पिवळे ठिपके थरथरत होते आणि त्यांच्या मधोमध सावली. उजवा हात. मनगटाचं हाड जरा वर आलेलं. चाळीस वर्षं धरलेला हात मला कळणार नाही होय?

मणी उचल, तारेत घाल, पुढे ढकल.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि झुंबर आकड्यातून काढून पदरात गुंडाळलं.

ठिपके गेले.

हात गेला नाही.

तो कोऱ्या भिंतीवर ओवतच राहिला. थोडा वेळ. मग थांबला. तार एकट्या हातात डुलत होती.

मग भिंतीच्या कडेनं दुसरी सावली सरकत आली. डावा हात. त्यानं तारेचं टोक नीट धरून दिलं.

माझा फोन वाजला. ह्यांचा होता.

"विजया, घाबरू नको," हे हसतच बोलले. "चहाचा कप सुटला हातातून. डाव्या."

"अहो, मग फोन कसा लावला?"

"नाकानं."