बसलेला गट

"सर कुठे भेटतील?" कोळवणजवळच्या त्या छोट्या शाळेच्या अंगणात तृप्तीने विचारलं.

"सर झाडावर हायेत," चिंचेतून आवाज आला.

तिने वर पाहिलं. एक उंच तरुण फांदीवर पालथा पडून अडकलेल्या चेंडूला काठीने ढोसत होता. खाली पोरं माना वर करून उभी. चेंडू पडला, पोरं पांगली, आणि सर उतरले. केसांत चिंचेचा पाला, पण चेहऱ्यावर जराही ओशाळलेपण नाही.

"मी जयवंत. पाचवी-सहावी माझ्याकडं. तुमीच ना त्या पोरं मोजणाऱ्या मॅडम?"

"पोरं नाही, कल्पना मोजते," ती म्हणाली आणि उगाचच ओढणी सारखी केली.

एम.एस्सी. नंतरचा तिचा हा पहिलाच स्वतंत्र अभ्यास. खेळून आलेल्या मुलांना जास्त कल्पना सुचतात का, हे तिला पाहायचं होतं. बारा मुलांनी रोज अर्धा तास लगोरी खेळायची, बाराजणांनी तेवढा वेळ वर्गात बसायचं. मग सगळ्यांना एकच प्रश्न — रिकाम्या पोत्याचं काय काय करता येईल? ती फक्त गुरुवारी यायची. इतर दिवशी जयवंत फोनवर कळवायचा, 'एक गट खेळला, एक बसला.'

गुरुवार लवकर यावा असं तिला वाटू लागलं... याची मात्र तिने कुठे नोंद केली नाही. खाचरांतून कापलेल्या भाताचा वास यायचा. दोघं पायरीवर बसून उत्तरं वाचायची.

"हे बघा, कमळनं लिवलंय — पोत्यात शिरून म्हशीला भ्या दाखवायचं."

कागद घेताना बोटाला बोट लागायचं, आणि मग दोघंही त्या कागदावरच्या म्हशीकडे जरा जास्तच बारकाईने पाहायची.

सहाव्या गुरुवारी तृप्तीने आकडे मांडले.

"दोन्ही गट सारखेच पुढे गेलेत. म्हणजे खेळण्याने काही फरक पडत नाही. उद्या अहवालात हेच लिहावं लागेल."

"नका लिहू," जयवंत म्हणाला. मग खाली बघत... "बसणारा गट बसलाच न्हाई. तुमी यायच्या त्या दिवशीच तेवढा बसायचा."

"काय?"

"दोन दिवस बसवला. तिसऱ्या दिवशी कमळ विचारते, 'सर, आमी काय केलंय?' शिक्षा वाटली त्यांना. मग मी सगळ्यांनाच खेळायला सोडलं."

"आणि मला रोज खोटं कळवलंत?"

"व्हय."

"सहा आठवडे! खरं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुमी दुसरी शाळा बघितली असती. मग गुरुवारी..." तो थांबला. "गुरुवारी कोण आलं असतं?"

तृप्तीचे कान तापले. रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

"मग आज तरी का सांगितलंत?"

"अहवालाखाली तुमचं नाव. आणि उद्या तोच कागद दाखवून कुणी पोरांचा खेळाचा तास काढून घेतला, तर?"

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ती उठली नाही. एसटी निघून गेली.

"चूक माझीही आहे," अखेर ती म्हणाली. "पोरांना नुसतं बसवायचं, हे मी पुण्यात खुर्चीत बसून ठरवलं. आता सगळं पहिल्यापासून करायचं. नवे प्रश्न, नवे गट. सहा आठवडे अर्धे खेळतील, पुढचे सहा उरलेले. आपली पाळी कधी येणार, ते फळ्यावर लिहायचं."

"म्हंजे अजून बारा गुरुवार?"

"तुमच्या शब्दावर आता विश्वास नाही. सोमवारीही तपासायला येणार."

"बरं." तो हसू दाबत होता. "आणि रविवारी?"

"रविवारी शाळा नसते, सर."

"म्हणून तर इचारतोय."

तिने वही मिटली. त्याच्याकडे पाहिलं — पहिल्यांदाच, मध्ये कागद न धरता.

"येईन," ती म्हणाली. "पण रविवारी काही मोजायचं नाही."