पायरीवरचा रविवार

"शेवट पार फसलाय हो, घेऊ नका ही. लेखकाला कंटाळा आला आणि त्यानं पेन ठेवून दिलं!"

वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढं उभा असलेला उंच मुलगा एका काकांना अगदी खात्रीनं सांगत होता. त्याच्या हातात माझी लाडकी कादंबरी होती. खाडीकाठच्या गावात एकट्या राहणाऱ्या नर्सची. मी ती दोनदा वाचली होती आणि शेवटी दोन्ही वेळा रडले होते.

मला राहवेना.

"काय होतं हो शेवटी तिचं?" मी मागून विचारलं.

तो वळला. "होडीत बसते. बस्स! कुठं जाते, का जाते... काही नाही."

मी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. घेतलं कसलं, ओढलंच. मागचं पुठ्ठ्याचं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. शिवण उसवली होती. शेवटची पानं कधीच गळून गेली होती.

"लेखकाला नाही हो कंटाळा आला... बाइंडिंगला आला."

काका खो खो हसले. त्या मुलाचे कान लाल झाले.

"वाट लागली," तो पुटपुटला. "गेल्या रविवारी आत सगळ्यांसमोर मी या शेवटावर केवढं बोललो!" मग हळूच, "तुम्ही पूर्ण वाचलीय? सांगा ना... पुढं काय होतं?"

"सांगेन. पण रविवारी. जिथं नावं ठेवलीत, तिथंच."

"रविवारी..." तो अडखळला. "म्हणजे... बायकांचं शुक्रवारी दुपारी असतं ना."

"शुक्रवारी दुपारी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे ट्रंक कॉल जोडत असते. काय नाव तुमचं?"

"चंद्रप्रकाश."

"मी वनमाला. या रविवारी भेटू."

घाटकोपरच्या आमच्या त्या वाचनालयात दर रविवारी सकाळी 'सध्या काय वाचताय?' नावाचा कार्यक्रम व्हायचा. पुरुषमंडळी गोल खुर्च्या मांडून बसायची आणि आपण काय वाचतोय, कुणी काय वाचावं ते एकमेकांना सांगायची. बायकांना शुक्रवार. त्यात लोणची, विणकाम आणि व्रतांची पुस्तकं. हे सगळं अध्यक्षांनी ठरवलेलं. अध्यक्ष म्हणजे अण्णा. कडक इस्त्रीचा सदरा, आवाज त्याहून कडक. गिरणी बंद पडून माझे बाबा घरी बसले, तेव्हापासून हेच अण्णा आमच्याकडं येऊन माझ्यासाठी स्थळं सुचवत होते.

रविवारी मी गेले. अण्णा हसून म्हणाले, "बाळ, तुझा वार चुकला."

"नाही अण्णा, बरोबर आलेय. एका पुस्तकाचा शेवट सांगायचाय."

कुणी खुर्ची दिली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. गावातले दोघं जण त्या नर्सला लग्नाचं विचारत असतात. पण पलीकडच्या काठावर साथ आलेली असते, म्हणून ती होडीत बसते. कुणासाठी थांबत नाही. पाण्याच्या मधोमध तिला कळतं की आपण आज खूश आहोत... आणि ती मोठ्यानं गाऊ लागते.

"हा काय शेवट झाला?" कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं. "लग्न नाही, काही नाही!"

"असल्याच पुस्तकांनी मुली बिघडतात," अण्णा म्हणाले. "झालं ना सांगून? आता नीघ."

मी चंद्रप्रकाशकडं पाहिलं. तो आपल्या चपलांकडं बघत होता.

अण्णांचं हसणं मला लागलं नव्हतं. ते चपलांकडं बघणं लागलं.

संध्याकाळपर्यंत सगळं आमच्या चाळीत पोचलं. "गिरगावचं एवढं चांगलं स्थळ आणलंय त्यांनी," आई चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. "मुलगा बँकेत आहे. आणि तू त्यांच्याच तोंडाला लागतेस? यापुढं रविवारी घरात बसायचं, तरच बोलणी पुढं न्यायची, असं सांगून गेलेत!"

बाबा खाटेवर पडून होते. पडल्या पडल्याच म्हणाले, "इतक्या काय वाचतंस गो? माका तरी सांग."

मी त्यांना अख्खी गोष्ट सांगितली. ऐकून त्यांनी कूस बदलली. पण पुढच्या रविवारी मी चपला घालताना आईनं हाक मारली, तेव्हा तेच म्हणाले, "जाऊंदे तिका."

आत मज्जाव होता. ठीक आहे! मी वाचनालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसले आणि पुस्तक उघडलं. पायरी कुणाच्या अध्यक्षतेखाली नव्हती.

चंद्रप्रकाश आला. माझ्यासमोर थांबला.

"रागावलात?"

"तुम्ही होतात तिथं. तरी गप्प बसलात."

"घाबरलो," तो म्हणाला. सरळच म्हणाला. "अण्णा वडिलांचे मित्र. लहानपणापासून त्यांच्यापुढं कधी..."

"मग जा आत. खुर्ची वाट बघतेय."

आणि तो खरंच गेला! मी पुस्तकात डोकं खुपसलं, पण एक अक्षर दिसेना.

तेवढ्यात शेजारची चंपामावशी भाजीची पिशवी घेऊन आली आणि धपकन बाजूला टेकली. "काय वाचतेस गं?" मी सांगितलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पिशवीतून रांगोळीचं पुस्तक काढलं. आत दडवलेली होती एक जाडजूड खुनाची गोष्ट. "कुणाला सांगू नकोस हं. मला वाटतं, खून वकिलानंच केलाय!"

मी इतकी हसले की जाणाऱ्या दोघी थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "वकिलानं नाही हो..." आणि चंपामावशी कानांवर हात ठेवून ओरडली, "सांगू नका! सांगू नका!"

तेव्हाच खिडकीतून आवाज आला. चंद्रप्रकाशचा. थोडा कापरा, पण स्पष्ट.

"पानं नसलेल्या पुस्तकाला मी इथं नावं ठेवली आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जिनं ते पूर्ण वाचलं होतं, तिला आपण उभं ठेवून हाकलून दिलं. मला लाज वाटते. मी बाहेर बसतोय."

तो बाहेर आला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. माझ्याकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

"सध्या काय वाचताय?" चंपामावशीनं त्याला दरडावून विचारलं.

"प्रेमकथा..." तो कानांपर्यंत लाल झाला. "आत्याच्या मासिकातल्या."

त्या हशानं वाचनालयाची कबुतरं उडाली.

मग रविवार पायरीवरच भरू लागला. बायका यायच्या, हळूहळू आतले काही पुरुषही यायला लागले. चंद्रप्रकाश माझ्यासाठी पुस्तकं आणायचा, मी त्याच्यासाठी. मी सुचवलेलं पुस्तक तो एका रात्रीत संपवायचा आणि लाल डोळ्यांनी येऊन भांडायचा. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, कळलंच नाही.

एकदा परतीचा पाऊस अचानक कोसळला. त्यानं छत्री उघडली आणि धरली ती पिशवीतल्या पुस्तकांवर.

"अरे, मी भिजतेय!"

"तू वाळशील. पुस्तकं नाही वाळत."

"असं? मग पुस्तकांशीच लग्न कर."

"केलं असतं..." तो थांबला. पाणी त्याच्या भुवईवरून ओघळत होतं. "पण पुस्तकं उलट बोलत नाहीत ना."

मी दुसरीकडं बघितलं. हसू मात्र ओठांवर राहिलं... घरी पोचेपर्यंत.

दिवाळी जवळ आली. एका रविवारी पायरी भरलेली असताना समोरून अण्णा आले. मागं आई, डोक्यावर पदर.

"वनमाला, ऊठ," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईच्या विनवणीखातर मी बोलणी पुढं नेली. गिरगावकरांचा होकार आलाय. उद्या साखरपुडा ठरवायला येतायत. त्यांची अट एकच आहे, हा पायरीवरचा तमाशा बंद. तुझ्या आईनं शब्द दिलाय."

मी आईकडं पाहिलं. ती थकलेली दिसत होती. तिच्यावर रागावणं मला जमेना. पण उठणंही जमेना.

"मला कुणी विचारलं, मुलगा पसंत आहे का?"

"एवढा बँकेतला मुलगा! त्यात पसंत काय करायचं?"

"करायचं असतं, अण्णा. तुम्ही गिरगावला कळवा, मला मुलगा पसंत आहे. फक्त तो गिरगावचा नाही." मी हात खालच्या पायरीवरच्या खांद्यावर ठेवला. "हा आहे."

चंपामावशीचं खुनाचं पुस्तक मांडीवरून घसरलं.

चंद्रप्रकाशनं मान वळवून वर पाहिलं. "मला... विचारणार नाहीस?"

"विचारतेय ना. सगळ्यांसमोर. आज चपलांकडं बघायचं नाही."

तो उठून उभा राहिला. अण्णांकडं बघत म्हणाला, "हो. बाबांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. पण हो."

"तुझ्या घरी चालेल हे?" अण्णा गरजले. "कोण तुम्ही, कोण हे!"

"भांडावं लागेल," तो म्हणाला. "मला भांडायला हिनं शिकवलंय."

अण्णा तरातरा आत गेले. दार आपटलं. आई मात्र तिथंच उभी. तिनं त्याला खालून वर न्याहाळलं, तांदूळ निवडताना बघते तसं.

"मुला, मासे खातोस?"

त्यानं घसा खाकरला. "अजून... नाही. पण वाचलंय त्यांच्याबद्दल."

चंपामावशी फुटली, मग सगळी पायरी. आई हसली नाही. तिनं पदर सावरला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि त्याला म्हणाली, "वाचून कळत नाही ते. पुढच्या रविवारी दुपारी जेवायला ये. काटे कसे काढायचे ते हिचे बाबा दाखवतील."