तिसऱ्या वहीतल्या तीन ओळी

“माझी वही चोरीला गेली होती,” रेणुका म्हणाली, “आणि आता ती परत आलीय. त्याचाच घोटाळा झालाय.”

प्रकाश देवस्थळींनी चहाचा कप खाली ठेवला. सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते बायकोच्या प्रत्येक तपासात हजर असत आणि दर वेळी नेमका चुकीच्या माणसावर संशय घेत. पण वस्तू परत मिळाल्याची तक्रार घेऊन नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरी आजवर कोणी आलं नव्हतं.

सुजाताबाईंनी वीस वर्षं विम्याचे खोटे दावे हुडकले होते. आता त्या खाजगी तपास करत. “पहिल्यापासून सांग,” त्या म्हणाल्या.

रेणुका सोनकांबळे विद्यानगरला राहायची आणि पीएचडी करत होती. चिक्कडपल्लीच्या एका कंपनीत मुली दिवसभर फोटोंमधल्या गाड्या, माणसं, कुत्री यांच्याभोवती चौकटी काढत बसतात. त्या चौकटी बघून यंत्र जग ओळखायला शिकतं. या मुली ते काम एकमेकींकडून कसं शिकतात, हा तिचा विषय. चार वर्षांच्या गप्पा तिने वह्यांमध्ये टिपल्या होत्या.

“चोरीला गेलेल्या या तिसऱ्या वहीत त्रिवेणीने सांगितलेली एक हकीकत आहे. त्रिवेणी तिथे काम करते. तिच्या ओळखीची कोणी बाई, वय अठ्ठावन्न, हे काम अकरा दिवसांत शिकली. फोनवर सरावाची चित्रं मिळतात, त्यावर. बाईचं नाव काही त्रिवेणी सांगत नाही. माझा शेवटचा धडा त्या बाईवरच उभा आहे. प्रबंध तपासणाऱ्या समितीत कंपनीच्या पल्लवी मॅडम आहेत. त्यांचं म्हणणं, या वयात हे शक्यच नाही, मी मनाने रचलंय. म्हणून परवा, शुक्रवारी, मूळ वही दाखवायची. समितीला पटलं नाही तर प्रबंध गेला, मॅडम.”

सुजाताबाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि वही उघडली.

वही रविवारी दुपारी बैठकीतल्या फळीवर होती, सोमवारी संध्याकाळी नव्हती, मंगळवारी सकाळी पुन्हा जागेवर होती. पण आतलं प्रत्येक नाव काळ्या पेनाने झाकलेलं होतं.

“खरी नावं लिहिली होतीस?”

“मराठीत लिहिली होती ना. इथे तेलुगू मुलखात, आमच्या विभागात कोणालाच धड मराठी वाचता येत नाही. मला वाटलं, तेवढं कुलूप पुरे.”

“आणि या पल्लवी मॅडम कुठल्या?”

“पुण्याच्या,” रेणुका म्हणाली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती.

सुजाताबाईंनी वही नवऱ्यापुढे धरली. “अहो, नीट बघा.”

प्रकाशरावांनी चष्मा पुसून पाहिलं. प्रत्येक नावावर काटकोनी, काळी भरीव चौकट होती. पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला टेकलेली, शेजारच्या शब्दाला न शिवणारी. एका पानावर बसचं तिकीट डकवलेलं होतं आणि त्याखाली एक नाव अर्धं दडलं होतं. तिथे चौकट तिकिटावर चढून नाव संपतं तिथपर्यंत गेली होती. ‘करीमनगरहून आलेली, डाव्या बाकावरची’ असली वर्णनंही दाट, पळत्या अक्षरांतून शोधून झाकली होती.

आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या तीनही ओळी एकाच मोठ्या चौकटीत गडप झाल्या होत्या.

“त्या ओळींत नाव नव्हतंच की,” सुजाताबाई पुटपुटल्या. “काय होतं त्यात?”

“एवढंच, की ती दार लावून सराव करते आणि चूक झाली की स्वतःलाच रागावते.”

“या दिवसांत घरात कोण कोण आलं?”

“रविवारी त्रिवेणी. सोमवारी प्रथमेश, माझ्याच विभागात संशोधन करतो. बाबा नांदेडला गेलेत. बाकी आई आणि मी.”

“प्रथमेश,” प्रकाशराव ठामपणे म्हणाले. सुजाताबाईंनी मनातल्या मनात ते नाव खोडलं म्हणा ना.

प्रथमेश विद्यापीठाच्या कँटीनमध्ये सापडला. “मी पुस्तक द्यायला गेलो होतो, मॅडम. पाच मिनिटं. ॲक्च्युअली माझा विषय टोटली वेगळा आहे, खेड्यातल्या शाळा.”

सुजाताबाईंनी रेणुकाच्या अक्षरातली एक चिठ्ठी पुढे केली. त्याने पहिली ओळ बोट लावून वाचली, दुसऱ्या ओळीत अडकला आणि ओशाळून हसला. “इंग्लिश मीडियम. छापलेलं कसंबसं जमतं. हे हाताचं नाही होत.”

“नाटकी आहे पोरगा,” बाहेर पडताना प्रकाशराव म्हणाले.

त्रिवेणी दुपारच्या सुट्टीत चहाच्या गाडीशी भेटली. वही म्हणताच ती घाबरली.

“नक्को मॅडम, मी कशाला घेऊ? माझी शाळा तेलुगूत झाली. घरात मराठी बोलतो आम्ही, पण वाचता नाही येत.”

“रविवारी किती वेळ होतीस तिथे?”

“दोन घंटे. एक घंटा रेणुकाअक्कासंगं, एक घंटा आत त्यांच्या अम्मासंगं.”

“आत काय करत होतात?”

“असंच. बोलत बसलो,” ती चहाकडे बघत म्हणाली.

“बरं, तुमची चौकट कशी काढतात तेवढं सांग.”

आता मात्र तिची कळी खुलली. “चीजला चिकटली पाहिजे, पण बाजूचं काही आत नको. अन् बसमागं ऑटो आधा लपला असला तरी पूरा धरायचा. दिसत नाही, पण हाय ना तिथं!”

“हीच ती!” प्रकाशराव बायकोच्या कानाशी लागले. “त्या तिकिटावरची चौकट आठव.”

“आणि न वाचता येणाऱ्या नावांवर तिने अचूक चौकटी काढल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?” सुजाताबाईंनी विचारलं.

विद्यानगरच्या घरी विमलाबाईंनी दार उघडलं. “जय भीम. या, बसा. लेकरू दोन दिवस जेवलं नाही बघा. ती वही एवढी मोठी असंल, हे मला कुठं माहीत.”

“तुम्ही वाचता का हो काही?” सुजाताबाईंनी सहज विचारलं.

“रविवारी विहारात ग्रंथ मीच वाचते. बाकीच्या बायांना बारीक अक्षर दिसंना.”

प्रकाशरावांना वातावरण हलकं करायचं होतं. गच्चीतून टिपलेला रस्त्याचा फोटो त्यांनी फोनवर दाखवला. “एक बस आणि तीन ऑटो, एका रांगेत. जमलाय ना?”

“चार हायत की,” विमलाबाई म्हणाल्या. “बसच्या मागं आरसा दिसायलाय नव्हं एकाचा.”

प्रकाशरावांनी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, नखाएवढा आरसा होता. सुजाताबाई उठल्या आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी सगळ्यांना इथेच बोलावू.”

गुरुवारी सकाळी त्याच बैठकीत पाच माणसं सुजाताबाईंच्या तोंडाकडे बघत बसली होती.

“वही चोरायची असती तर ती परत आली नसती,” त्यांनी सुरुवात केली. “कोणाला रेणुकाचं वाईट करायचं असतं तर वही फाडली असती. इथे फक्त माणसं झाकलीत, तीही जपून. म्हणजे काम मायेने झालंय. आता हे करणाऱ्याला दोन गोष्टी यायला हव्यात. एक, दाट मराठी अक्षर सरसर वाचता येणं. प्रथमेश आणि त्रिवेणी तिथेच गळतात. दुसरी, चौकट काढायची सवय. तिकिटाखालचं नाव तिकिटावरूनही पूर्ण धरायचं, हे आपल्यासारख्याला सुचणार नाही. आपण दिसेल तेवढंच खोडतो.”

“पण दोन्ही येणारं माणूस यात कोणीच नाही,” प्रकाशराव म्हणाले.

“आहे ना. अर्ध्या आरशावरून त्यांनी तुमची चौथी रिक्षा धरली. त्रिवेणी रविवारी एक तास आत त्यांच्याजवळ बसते आणि कशासाठी ते सांगत नाही. आणि नाव-गाव काहीच नसलेल्या तीनच ओळी वहीत झाकल्या गेल्या, कारण त्या वाचून एकाच माणसाला स्वतःची ओळख पटली.”

रेणुका सावकाश वळली. “आई?”

विमलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. “तू फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, पल्लवी मॅडमला वही दाखवायची. आडनावावरून कळलं, बाई आपल्याकडची, वाचणारच. कामावर एकमेकींना काही सांगायचं-शिकवायचं नाही, असा नियम हाय तिथं. त्रिवेणीच्या तोंडून ऐकलेलं. वहीत तर चौदा पोरींची नावं. कुणी कुणाला शिकवलं, सगळं. नोकऱ्या गेल्या असत्या गं.”

“मग मला सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर वही वाचली हे कळलं असतं. मग त्या तीन ओळी निघाल्या असत्या. लेक डॉक्टर होणार आणि आई दार लावून फोनवर कुत्र्यांना चौकटी काढते, लाज वाटली.” त्या थांबल्या. “त्याच ओळींवर तुझं अडलंय, हे मला ठाऊक नव्हतं बाळा. नाहीतर हात लावला नसता.”

“पण तू हे शिकलीस कशाला?”

“चार वर्षं झाली. शेजारणी विचारतात, रेणुका काय शिकती? मला सांगता येईना. म्हणलं, करून बघावं. तुझं कळंल थोडं.”

रेणुकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माणसं कशी शिकतात हे बघायला ती चार वर्षं चिक्कडपल्लीला जात होती आणि स्वतःच्या घरातलं बंद दार तिला कधी दिसलं नव्हतं. ती उठून आईच्या पायाशी जाऊन बसली. त्रिवेणी तर हमसून रडत होती. “अम्मानं कसम घातली होती, अक्का. म्हणून नाव नाही सांगितलं.”

“नावं झाकूनच वही दाखवायची असते,” सुजाताबाई हळूच म्हणाल्या. “तुझं राहिलेलं काम आईने केलंय. प्रश्न उरला तो तीन ओळींचा.”

“त्या आता कोण मानणार?” रेणुका म्हणाली.

विमलाबाईंनी डोळे पुसले. “उद्या किती वाजता हाय तुमचं?”

“अकराला. का?”

“मी येते. त्या पल्लवी मॅडमनी त्यांच्या पसंतीचं चित्र द्यावं. त्यांच्यासमोर बसून करते.”

“आई, मग तुझं नाव प्रबंधात येईल. सगळे वाचतील.”

“येऊ दे. विमलाबाई तातेराव सोनकांबळे, असं पुरं लिही. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर मात्र मी सांगायची नाही.”