पुंजाजीच्या मळ्यापर्यंत

आसेगावचा बाजार उठता उठता भुरभुर सुरू झाली. कार्तिकातला पाऊस तो, ना धड येणारा, ना धड जाणारा. पंचफुलाने उरलेली वांगी डाल्यात भरली, वरून गोणपाट टाकलं आणि डालं डोईवर द्यायला कुणी सापडतं का म्हणून मान वळवली. समोर खाकी कपड्यातला एक उंच शिपाई उभा होता.

"पुंजाजी माळ्याचा मळा कुठीसा हाय, बाई?" त्याने विचारलं. "मी धनजहून आलो."

पंचफुलाचा हात गोणपाटावर तसाच राहिला.

पुंजाजी तिचाच बाप. ती नऊ वर्षांची असताना त्याने तिचं लग्न धनजच्या एका पोराशी लावून दिलं होतं. नांदायला जायचं वय होईतो जर्मनची लढाई पेटली, आणि नवरा भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला. पुढे त्याची खबरच येईना. मावशी सोजरबाई आता उघड म्हणू लागली होती, की किती वाट पाहायची, पोरीचा दुसरीकडे पाट लावून द्या. पुंजाजी ऐकून घेई आणि उठून विहिरीकडे जाई.

पंचफुलाने चोरून पाहिलं... लग्नातला चेहरा काही आठवेना. अंतरपाटाखालून तिला तेव्हा फक्त हळदीने पिवळे झालेले दोन पाय दिसले होते. पण धनजहून, फौजी कपड्यात, तिच्या बापाकडे दुसरं कोण येणार?

"मी तिकडंच चालली," ती म्हणाली. "या मांगून."

डालं उचलायला तो वाकला तेव्हा तिला दिसलं — त्याचा डावा हात कोपरापासून नुसता लोंबत होता. उजव्या हाताने आणि खांद्याने रेटून त्याने डालं तिच्या डोईवर ठेवलं, आणि डावा हात पटकन सदऱ्याआड घेतला.

वाट ज्वारीतून जात होती. पानांवर पाऊस कुजबुजत होता. एका विहिरीवर दोन बाया मोट हाकताना पाहून शिपाई थबकला. पंचफुलाने त्याला सांगितलं, की गडीमाणसं लढाईवर नाही तर कारखान्यात गेली, मग मोट कोण हाकणार? घासलेट मिळत नाही म्हणून गाव उजेडातच जेवून घेतं. आणि आभाळात विमान घरघरलं, की पोरं बैलगाडीखाली लपतात. ते गेलं, की बाहेर येऊन जपानशी लढतात.

तो हसला. मग म्हणाला, की तिकडच्या जंगलात असाच पाऊस महिने महिने पडे, आणि भिजलेले शिपाई आपापल्या आईच्या भाकरीच्या गोष्टी सांगत बसत. त्याच्याजवळचा जो सगळ्यात जास्त सांगे, तो परत आला नाही.

"पुंजाजीची पोरगी तुमच्या वळखीची असन?" त्याने अचानक विचारलं.

पंचफुलाने पदर ओठांवर ओढला. "हाय ना. रोजचीच."

"कशी हाय?"

"दिसायले बरी. तोंडाची तिखट. पन तुमाले काहून पाह्यजे?"

"उगीच... सुखात हाय का, तेवढंच."

"वाट पाहून राह्यली ती कोनाची तरी. वाट पाहनाऱ्याले सुख कसचं?"

मळ्याचं कुंपण दिसू लागलं तसा त्याचा पाय जड झाला. तो थांबला. आपण आत येत नाही, म्हणाला. गोळी हाताची शीर तोडून गेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा हात आता कामाचा नाही. अशा माणसापायी तरण्या पोरीने कशाला अडकून पडावं? तो तेवढंच सांगायला आला होता, पण आता पुंजाजीसमोर उभं राहायचा त्याला धीर होईना.

"तिले इचारलं काय कोनी?" पंचफुलाचा आवाज चढला.

"काय इचारू? माळ्याच्या घरी एका हाताचा मानूस काय कामाचा?"

"मोट तं बैलं वढतेत. हाकायले एक हात पुरते."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने नाही म्हणून मान हलवली. "तुमी निस्ता निरोप द्या. म्हना, जगदेव आला होता. पोरीले मोकळी केली म्हना."

"निरोप देईन," ती हळूच म्हणाली. "पन नाव नाई घेता येनार मले."

"काहून?"

डाल्याखालून तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं... पहिल्यांदाच.

"आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाई."

शिपायाचा उजवा हात डाव्या हाताला झाकायला गेला आणि अर्ध्यातच राहिला. पंचफुलाने बाभळीच्या काट्यांचं फाटक पायाने लोटलं आणि ते धरून ती उभी राहिली. तो आत आला.