बॉडीला बॉडी

हे काम मिळालं तर फोटोवाल्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. कारखान्यातल्या झाडून सगळ्या कामगारांना नवी ओळखपत्रं मिळणार होती आणि त्यांचे फोटो काढायचं काम त्याच्याकडे चालून आलं होतं. ते पार पडलं की स्टुडिओच्या खोलीचं तुंबलेलं भाडं फिटत होतं, बाहेरची पाटी जागेवर राहत होती आणि थोरल्या भावाच्या गोदामात खोकी मोजायला जाण्याची नामुष्की टळत होती. हा झाला त्याचा फायदा. बायकोचा फायदा निराळा होता आणि तो तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता. तिला तिचा नवरा परत हवा होता.

पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो काढताना गळ्यातला पट्टा तुटून कॅमेरा तलावात गेला, तेव्हापासून फोटोवाला भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. मधे पडदा, पडद्याच्या पुढे दुकान, मागे संसार आणि मागचं दार. त्या मागच्या अर्ध्या खोलीत त्याचं गप्प असणं मावत नव्हतं. एरवी हा माणूस आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यावर दोन विनोद करायचा. पैशाचा हिशेब बायको ठेवायची म्हणून तिला ‘मुनीमजी’ म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून ऐकून अख्खी गल्ली तिला मुनीमजी म्हणू लागली होती. आता गल्ली म्हणत होती. तो म्हणत नव्हता.

कारखान्याचा निरोप आला तसा तो उठून बसला.

“कॅमेऱ्याची नवी बॉडी घेऊ,” तो म्हणाला. “जुन्याच्या नादी नको लागायला.”

“आणि तिच्या तोंडावर काय लावणार? बाटलीचं बूच?”

“सोबत लेन्स येते की.”

“येते. उजेड कमी झाला की मान टाकणारी.” तिने डब्यातली नाणी सारखी रचत मांडी घातली. “बॉडी बदलत राहते, लेन्स टिकते, हे मला शिकवलंत कुणी? बॉडी वापरलेली घ्यायची. पैसा लेन्सवर लावायचा. उरेल त्यात फ्लॅश.”

“उरेल का?”

“उरवायला मी आहे ना.”

दोघं बाहेर पडली तेव्हा शेजारचा शिंपी दारात बसून काज करत होता. “सकाळी सकाळी कुठे?” त्याने विचारलं.

“बॉडी आणायला,” ती म्हणाली.

शिंप्याने तोंडातला दोरा काढला आणि उठून उभा राहिला. “अरेरे. कुणाची हो?”

फोटोवाला हसला. पोटातून हसला, भिंतीला हात टेकून. शिंप्याला कॅमेऱ्याची बॉडी समजावून सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुनीमजीने मनातल्या मनात जमेच्या बाजूला पहिला आकडा मांडून टाकला.

वापरलेल्या कॅमेऱ्यांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. पायऱ्या उतरल्या की काचेची कपाटं, आणि कपाटांत ओळीने लेन्स, सगळ्या तोंड बाहेर करून ठेवलेल्या. दुकानदार सडपातळ, स्वच्छ, कुठल्याही वयाचा वाटावा असा. हातातल्या मऊ कपड्याने तो एक लेन्स पुसत होता आणि ती पुसून झालेली दिसत असूनही पुसत होता.

बॉडी चांगली निघाली. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, पण शटर फार चाललेलं नव्हतं. लेन्स चेहऱ्यांसाठीचीच होती. मुनीमजीने टॉर्च मारून काचेत बुरशी शोधली, एक तंतू सापडला नाही. फ्लॅश मात्र बेताबाहेर जात होता.

“फ्लॅश वर घाला,” ती म्हणाली.

“वहिनी, मग मी काय खाऊ?”

“आम्ही चार गिऱ्हाइकं पाठवू, ती खा.”

तो हसला नाही. “जुनी बॉडी आहे तुमच्याकडे? एक्सचेंज करू. बॉडीला बॉडी. लेन्सचे तेवढे पैसे द्या, फ्लॅश वर घेऊन जा.”

जुनी बॉडी आता त्यांच्याकडे नव्हती. दुरुस्तीवाल्या कारागिराने ती सुट्या भागांसाठी विकत घेतली होती, आणि ते पैसे या क्षणी मुनीमजीच्याच पर्समध्ये होते.

“बंद पडलेली...” फोटोवाल्याने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय दिला.

“बंद चालेल,” दुकानदार म्हणाला. “भरलेली पाहिजे. आतलं सगळं आत.”

“आहे की,” ती म्हणाली. “घरी आहे. काम झालं की आणून देतो.”

“शब्द कुणाचा धरू?”

“यांचा धरा. बॉडी यांचीच आहे.”

दुकानदाराने कपडा बाजूला ठेवला. काचेत बुरशी शोधावी तसं त्याने फोटोवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात.

“चांगली ठेवलीय,” तो म्हणाला. “ठरलं.”

पायऱ्या चढून वर आल्यावर फोटोवाला कुजबुजला, “अगं, ती तर आपण विकली ना?”

“काम होऊ दे. काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ.”

“मुनीमजी, उद्या तुम्ही मलाही एक्सचेंजमध्ये घालाल.”

“तुम्हाला कोण घेतंय?” ती म्हणाली, आणि फार दिवसांनी कानावर पडलेला तो शब्द घोळवत घरापर्यंत आली.

कारखान्याच्या जेवणघरात टेबलं भिंतीला सरकवून जागा केली होती. राखाडी कापड, त्यापुढे स्टूल, बाजूला स्टँडवर पांढरी छत्री आणि छत्रीत फ्लॅश. खात्याखात्याने रांगा येत होत्या. मुनीमजी स्टुलाशेजारी उभी राहून कॉलर सरळ करत होती, कपाळावरचे केस मागे सारत होती. फोटोवाला रंगात आला होता.

“पगार वाढलाय असं समजा. एवढं नको हो! गेटवर कुणी ओळखायचं नाही.”

रांग हसायची, फ्लॅश उडायचा. टाइमकीपर म्हणून तिथला एक चष्मेवाला गृहस्थ नावांवर खुणा करायला बसला होता, तोही हसत होता.

संध्याकाळी पडद्यामागे कॉम्प्युटरवर त्याने फोटो उघडले. चेहरा मोठा करायचा, आणखी मोठा करायचा, डोळा पडदाभर आला की बुबुळातला पांढरा ठिपका बघायचा, ही त्याची नेहमीची पद्धत. तो ठिपका म्हणजे छत्रीचा उजेड. “ठिपका असला की माणूस जिवंत,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा. “ठिपका नसेल तर तुमचा फोटो आणि शाळेतला सांगाडा, फरक काय?”

ठिपके झकास होते. ठिपक्याच्या बाजूला, बुबुळाच्या गोलाव्यात, कॅमेरा डोळ्याला लावलेला तो स्वतः इवलासा दिसत होता. लेन्स इतकी धारदार होती.

“आणि ही मागे तू,” तो म्हणाला.

ती वाकली. फोटोवाल्याच्या मागे, जेवणघराच्या पार टोकाला, कुणीतरी उभं होतं.

“मी तुमच्या मागे कधी होते? मी स्टुलाशी होते.”

“मग असेल कुणी रांगेतलं.”

रांग दाराबाहेर होती. तिने दुसरा चेहरा उघडला, तिसरा उघडला. वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या डोळ्यांत तो एकच इसम उभा होता. त्या दिवसाच्या शेवटच्या खात्याच्या फोटोंत तो टोकाच्या भिंतीपासून सुटून पुढे आला होता.

“लेन्सचा दोष असेल,” फोटोवाला म्हणाला. “स्वस्तात मिळाली ना.” तो जेवला आणि लगेच झोपला. अंगात त्राण नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलर सरळ करता करता मागे नजर ठेवली. फोटोवाल्याच्या मागे फरशी होती, सरकवलेली टेबलं होती, पाण्याचं पिंप होतं. माणूस नव्हता. फ्लॅश उडत होता, रांग पुढे सरकत होती आणि फोटोवाल्याचे विनोद कमी होत चालले होते. दुपारनंतर तो नुसतं “इकडे बघा” म्हणत होता. मग तेही म्हणेनासा झाला.

“दमलात का?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. आवाजात चिडचिड नव्हती. काहीच नव्हतं.

एक गोष्ट तिला सुखावत होती: फ्लॅशचे सेल उतरत नव्हते. एवढे चेहरे झाले, तरी उजेड पहिल्यासारखा लख्ख. सेल वाचले, ही बचतही तिने जमेला धरली होती. काम संपल्यावर फ्लॅश पिशवीत ठेवताना तिने सहज सेलचं झाकण उघडलं.

आत काही नव्हतं.

तिने पर्समध्ये हात घातला. पाकिटात, वेष्टन न फोडलेले, सेल तसेच होते. बसवायचे राहून गेले होते.

घरी तिने एकच फोटो उघडला, शेवटचा. त्यातल्या कामगार बाईच्या डोळ्यात ठिपका होता, फोटोवाला होता, आणि त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ तो दुसरा. सडपातळ. हातात पांढरं काहीतरी धरलेलं. कपडा.

“उद्या जाऊ नका,” ती म्हणाली.

“एकच खातं राहिलंय.”

“राहू दे. पाटी गेली तर गेली. गोदामात खोकी मोजा. मीही येते मोजायला.”

“एकच खातं राहिलंय,” तो म्हणाला, त्याच सुरात.

सकाळी त्याला डोळा लागलेला पाहून तिने कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि सरळ कारागिराकडे गेली. जुन्या बॉडीतलं शटर गेलं होतं, आतली सर्किटची पट्टी गेली होती; उरलं होतं काळं टरफल. ते तिने घेतलं आणि तळघराच्या पायऱ्या धावत उतरली.

दुकानदाराने टरफल तळहातावर तोललं. “ही रिकामी आहे.”

“हो. खोटं मी बोलले, यांनी नाही. हा तुमचा कॅमेरा, ही लेन्स, हा फ्लॅश. लेन्सचे पैसेही ठेवा. वर काय हवं ते सांगा.”

तिने पिशवी पुढे सरकवली. त्याने ती उघडून पाहिली. पिशवीत कॅमेरा नव्हता, शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांची गुंडाळी होती.

“ते मागच्या दाराने निघाले असतील,” तो म्हणाला. “शब्दाचे पक्के आहेत.”

“मला धरा. सौदा मी केला.”

“पण बॉडी त्यांची, असं तुम्हीच म्हणालात ना, वहिनी?” त्याने टरफल कपड्याने पुसलं, अगदी मायेने, आणि तिच्या हातात परत ठेवलं. “मला आतलं पाहिजे. रिकामी तुम्हीच ठेवा.”

ती कशी पळाली, ते रस्त्याने पाहिलं.

जेवणघरात रांग नव्हती. टाइमकीपर कागद आवरत होता. फोटोवाला स्टुलाशेजारी उभा होता, हात सरळ खाली सोडून.

“झालं सगळं,” टाइमकीपर म्हणाला. “एक यांचाच राहिला. चेक घ्यायला आत जायचं तर यांचंही ओळखपत्र लागतं. तुम्हाला येतो ना काढता?”

“बसा,” ती नवऱ्याला म्हणाली. तो बसला.

तिने त्याची कॉलर सरळ केली. गाल कोमट होता. श्वास चालू होता.

तिने त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून डोळ्याला लावला. फ्लॅश उडाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने त्याचा चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला. डोळा पडदाभर आला.

ती दिसत नव्हती. तिच्या मागे कुणी दिसत नव्हतं. छत्री दिसत नव्हती.

तिने पुन्हा काढला. पुन्हा काढला.

शर्टाच्या बटणावर ठिपका होता. स्टुलाच्या बाजूने वाकून बघणाऱ्या टाइमकीपरचा चष्मा फोटोच्या कडेला आला होता, त्यातही ठिपका होता.

“छान आलाय की,” टाइमकीपर म्हणाला.

पुढचा हिशेब सोपा आहे. चेक वटला. भाडं फिटलं, पाटी राहिली. कॅमेरा घरात आहे, लेन्स घरात आहे, फ्लॅश वर मिळाला, सेल अजून वेष्टनात आहेत. फोटोवाला वेळेवर उठतो, समोर ठेवलेलं जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. शिंपी म्हणतो, माणूस सुधारला.

सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा ती त्याला उजेडाकडे तोंड करून बसवते, हनुवटी धरते आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहते.

“मला एकदा मुनीमजी म्हणा ना,” ती म्हणते.

“मुनीमजी,” तो म्हणतो. कितीही वेळा सांगितलं तरी म्हणतो.

सौदा तिने केला होता. चुकता त्याने केला. बॉडी तिच्याकडे राहिली.