तेरा पॉइंट आठ

"जरा सरकता का? हिला जागा हवीय."

मोखाड्याहून पोशेऱ्याला येणारी जीप, आत आम्ही चौदाजण आणि हे विचारणाऱ्या तरुणाच्या मांडीवर एक काळी, जड बॅटरी. पायाशी ठेवली तर धक्के बसतील, म्हणून तिला माझ्या शेजारी बसवायचं होतं.

"तिकीट काढलंय का तिचं?" मी विचारलं.

"हाफ," तो गंभीरपणे म्हणाला. "अजून वर्षाचीही नाही ती."

मला हसू आवरेना. तो मोखाड्याच्या टेलिफोन ऑफिसातला, नाव उमेश. पोशेऱ्यात कुणा गोवर्धन यांच्या ओटीवर गावाचा फोन बसवायला निघाला होता.

"ते माझे अप्पा," मी म्हणाले. आता हसायची पाळी त्याची होती.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. मी उज्ज्वला, गावच्या बालवाडीची बाई. गावात वीज होती, पण असून नसल्यासारखी. म्हणून फोनला छपरावर सोलरची प्लेट, ओटीवर बॅटरी आणि मधे एक छोटी पेटी. उमेशने सगळं नीट समजावलं. बॅटरी भरली की पेटी आपोआप चार्जिंग आवरतं घेते. मीटरवर तेरा पॉइंट आठ व्होल्ट दिसलं की सगळं ठीक. चौदा पॉइंट चारच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही. "ही सीलबंद आहे, वरून पाणी घालता येत नाही. जास्त भरली की आत गॅस होतो. मोकळ्या हवेत ठेवा, चुलीपासून लांब... आणि रोज सकाळी नऊला मी फोन करीन. आकडा सांगायचा."

दिवाळीनंतर गाव ओस पडलं. भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, ठाण्याच्या बांधकामांवर माणसं गेली. दादा-वहिनीही गेले. मागे उरली म्हातारी, काही पोरं आणि मी. संध्याकाळी फोन वाजायचा. मी धावत जाऊन कुणाला तरी बोलावून आणायची आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत अंगणात पाठ करून उभी राहायची. कुणी रडायचं, कुणी हसायचं. माझ्यासाठी मात्र कुणाचा फोन नसायचा.

नऊचा सोडून.

"हॅलो, पोशेरा? किती?"

"तेरा आठ."

"आणि बाई कशा आहेत?"

"बाईंना मीटर लावलेलं नाही."

"लावायला हवं..." तो म्हणायचा, आणि मग तारेतली खरखर तेवढी ऐकू यायची. हळूहळू मी नऊच्या आधी वेणी घालून बसू लागले. फोनवर कोण बघणार होतं?

जानेवारीत चार दिवस धुकं हललं नाही. पेटीवरचा, बॅटरी उतरल्याचा लाल दिवा लागला. भागीआजीची सून भिवंडीला बाळंत व्हायची होती. आजी ओटीवरून उठायलाच तयार नव्हती. "पोरी, माझ्या बाळ्याचा फोन येल ना गं?"

जीपवाला देवजी म्हणाला, "पेटी मधून काढा, प्लेट सरळ जोडा. झटक्यात भरते." त्यानेच वायरी बदलून दिल्या. पोरांचे हात लागू नयेत म्हणून मी बॅटरी लाकडी खोक्यात ठेवून वर झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. बाळ्याचा फोन आला, मुलगा झाला. आजी नाचत घरी गेली. तिसऱ्या सकाळी मीटरवर पंधरा पॉइंट दोन होते.

"किती?"

वायरी परत कशा जोडायच्या ते मला येत नव्हतं. पेटी काढली हे कळलं तर तो काय म्हणेल?

"तेरा आठ," मी म्हणाले. त्याच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

दुपारी सडक्या अंड्यासारखा वास सुटला. झाकण काढलं तर बॅटरी फुगलेली, हात लावू देईना इतकी गरम. मी आधी चूल विझवली, मग छपरावर चढून प्लेटची वायर सोडवली. फोन मुका झाला.

पाच दिवस नऊ वाजत राहिले. वेणी घालायचं मी सोडून दिलं. अप्पा माळावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. इतकं रिकामं घर मी आधी कधी पाहिलंच नव्हतं... की होतं तसंच, आणि मला आता दिसत होतं?

सहाव्या दिवशी तो आला. खांद्यावर नवी बॅटरी. त्याने खोकं पाहिलं, वायरी पाहिल्या.

"हाताला लागलं नाही ना?"

"मी खोटं बोलले तुमच्याशी."

"ठिणगी पडली असती तर?" तो म्हणाला. "फोन गेला तरी चाललं असतं हो. तुम्ही..."

त्याने पेटी जोडली, एकेक वायर मला दाखवली, माझ्याकडून दोनदा जोडून घेतली. "आता माझी गरज पडणार नाही," असं म्हणून त्याने खिशातून कागद काढला. पालघरला बदली. एक तारखेपासून.

"मग रोज आकडा कोण विचारणार?"

"आठवड्यातून एकदा विचारायचा नियम आहे," तो खाली बघत म्हणाला. "रोज... ते मीच करत होतो."

मी त्याला जीपपर्यंत सोडायला गेले.  जीप आली, त्याने पिशवी आत टाकली.

"मला तुमची सवय झालीय, असं समजू नका," मी घाईघाईने म्हणाले. "सवय असती तर पाच दिवसांत सुटली असती."

तो एक पाय जीपमध्ये ठेवून तसाच थांबला. मग पिशवी ओढून बाहेर काढली. "पुढची जीप?"

"उद्या सकाळी."

"जाऊ दे ही."

परतताना त्याने विचारलं, "अप्पांशी आजच बोललो तर?"

"मोठ्याने बोलावं लागेल. त्यांना कमी ऐकू येतं."

तो कानांपर्यंत लाल झाला.

"आधी मला सांगा," मी म्हणाले. "मला नीट ऐकू येतं."

आणि त्याने सांगितलं... इतक्या हळू, की मला त्याच्या अगदी जवळ जावं लागलं.