पाटी काढली, बिऱ्हाड आतच

दिगंबररावांनी वरणभाताचा पहिला घास उचलला आणि बेल वाजली. कसबा पेठेत दुपारी एक वाजता बेल वाजवणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर संकटातला. दारात उभी असलेली तरुण मुलगी, अपेक्षा, दोन्ही होती.

"काकू, चार वाजता मालक येतील आणि मला कामावरून काढतील. मी काहीच नाही केलं हो!"

काकू म्हणजे श्यामलाबाई. जन्मभर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला, आणि निवृत्तीनंतर लोकांच्या मशीनमधल्या लबाड्या शोधू लागल्या. दिगंबरराव पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे पती आणि मदतनीस. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायचा, पण उशिरा.

अपेक्षा वर्ध्याची. सहा महिन्यांपूर्वी मार्केट यार्डाजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागली होती. शनिवारी तिथली द्राक्षं खराब झाली. मॅनेजर दत्तप्रसाद म्हणत होते, तिच्या प्रोग्रॅमनं आपोआप कूलिंग बंद केलं, आणि पाप झाकायला तिनं आज सकाळी नोंदींची फाइल पुसली.

"पासवर्ड कोणाकडे?"

"दोन वेगळे आहेत, एक माझा आणि एक मॅनेजर सरांचा. दुसऱ्याची चूक माह्यावर आली, काकू!"

"प्रोग्रॅममध्ये काही खोट?"

अपेक्षा ओशाळली. "एक आहे. फाइल उघडली की सिस्टिम तिला एक नंबर देते. नोंद लिहायला मला तीन मिळाला. भिंतीवरच्या स्क्रीनसाठी मी 'डुप', म्हणजे डुप्लिकेट, करून त्याच फाइलला आणखी एक नंबर घेतला, सात. 'नोंद बंद' हे बटण दाबलं की फक्त तीन बंद होतो. सात बंद करायचा राहिला. त्यावरून सर ओरडलेसुद्धा."

"जेवलीस?"

"नाही."

"मग आधी काम. अहो, तुम्ही हात धुवा."

दिगंबररावांनी घासाकडे एकदा पाहिलं आणि उठले.

कोल्ड स्टोरेजच्या दारात स्वेटर आणि कानटोपी घातलेला तिथला कामगार रामदास उभा होता.

"शनिवारी तुम्ही होता?"

"नाय बाई, रजेवर व्हतो. आत तर हाडं गोठत्यात. पर ह्यो भिंतीवरचा आकडा बगा, सकाळपासनं हलंना." स्क्रीनवर नऊ चाळीसची नोंद तशीच होती.

ऑफिसात दत्तप्रसादांच्या मागे एक ताजा फोटो लावलेला होता. शनिवारची तारीख, द्राक्षांच्या पेट्यांमध्ये उभे असलेले पाहुणे, अर्ध्या बाह्यांचे शर्ट, पातळ साड्या, सगळे आरामात हसताहेत.

"छान फोटो," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मालकांचे व्याही होते. आपण कशाला आलात? फाइल गेली, विषय संपला. वर मशीन 'डिस्कवर जागा नाही' म्हणून कटकट करतंय. बंद करून चालू करतो."

"हात लावू नका!"

बाईंचा आवाज असा चढला की दिगंबररावही मागे सरले. तेवढ्यात मालक चारच्या आधीच आले.

"साहेब, दोन मिनिटं. सहा महिन्यांची, सेकंदासेकंदाची नोंद पुसली, मग जागा मोकळी का झाली नाही?"

दिगंबररावांच्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं. "म्हणजे ती गेलीच नाही?"

"बरोबर! दारावरची पाटी काढली म्हणून बिऱ्हाड रिकामं होत नाही. पुसणाऱ्यानं आधी 'नोंद बंद' केलं. तीन नंबरचा भाडेकरू गेला, नवी नोंद लिहिणं थांबलं, म्हणून भिंतीवरचा आकडाही थांबला. पण सात नंबर आतच आहे, आणि तो आहे तोवर सिस्टिम घर पाडत नाही. मशीन बंद केलं असतं तर मात्र सगळं गेलं असतं. अपेक्षा, प्रोग्रॅमच्या उघड्या फाइली दाखव."

अपेक्षानं भराभर टाइप केलं. "सात... पुढे 'डिलीटेड' लिहिलंय. काकू, उघडतेय! सगळं आहे!"

शनिवारची नोंद सापडली. दुपारी सव्वादोन, कूलिंग बंद, पासवर्ड दत्तप्रसादांचा.

"मला फोटो पाहूनच शंका आली होती," श्यामलाबाई म्हणाल्या. "जिथं रामदासांची हाडं गोठतात, तिथं पाहुणे अर्ध्या बाह्यांत हसतात कसे?"

दत्तप्रसाद खुर्चीत बसले. "विहीणबाईंना थंडी वाजत होती हो. बंद केलं, आणि चालू करायचं विसरलो."

"विसरलात ते समजू शकतो," मालक म्हणाले. "पोरीवर ढकललंत, ते नाही. अपेक्षा, तू उद्या नेहमीच्या वेळेला ये."

सुटलो एकदाचे, असं दिगंबररावांना स्वतःचीच नोकरी वाचल्यासारखं वाटलं. अपेक्षानं डोळे पुसत फोन लावला. "आई, माह्यी नोकरी वाचली!" आणि मग बाईंकडे वळून, "काकू, ती सात नंबरची चूक आत्ताच दुरुस्त करू?"

"फाइलची नक्कल काढून ठेवलीस ना? मग उद्या कर. आता घरी चल, वरणभात गरम करते. ह्यांचाही एक घास राहिलाय."